स्पोर्ट्स कारने अमेरिका आडवी पार करताना : प्रवासाची आखणी कशी करावी

मेरीलँड राज्यातील ओशन सिटी या अटलांटिक किनाऱ्यावरच्या गावातून यूएस-५० हा महामार्ग सुरू होतो. गाव सोडताना रस्त्याकडेला एक हिरवी पाटी दिसते आणि तिच्यावर कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहराचे अंतर लिहिलेले आहे : ३,०७३ मैल. अमेरिकेत काही वर्षे नोकरी केल्यावर हौसेने मस्टँग, मियाटा किंवा कॉर्व्हेट घेतलेल्या आणि एकदा तरी या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जायचे असे ठरवलेल्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे.

असा प्रवास आखताना बहुतेक जण प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि ती ठिकाणे रेषांनी जोडत जातात. मोठ्या गाडीने जायचे असेल तर ही पद्धत चालते. स्पोर्ट्स कारसाठी मात्र क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण या गाडीची टाकी लहान, डिकी त्याहून लहान, टायर नाजूक आणि पोट जमिनीला टेकलेले असते, आणि अडीच-तीन हजार मैलांच्या प्रवासात या चारांपैकी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी आडवी येते. म्हणून आधी गाडी नीट समजून घ्यावी आणि मगच नकाशा उघडावा. माझा प्रवास माझदा एमएक्स-५ म्हणजेच मियाटा या दोन आसनी गाडीने झाला, म्हणून पुढची बरीच उदाहरणे तिची आहेत.

गाडीचे चार आकडे

पहिला आकडा टाकीचा. मियाटाची टाकी ११.९ गॅलनची, म्हणजे सुमारे ४५ लिटरची आहे. महामार्गावर ही गाडी गॅलनला ३४-३५ मैल देते, म्हणजे भरल्या टाकीत कागदावर चारशे मैल निघतात. पण डोंगराची चढण, समोरचा वारा आणि उघडा टप या तिन्ही गोष्टी धरल्यास हिशेब अडीचशे मैलांचाच ठेवावा आणि पश्चिमेकडील राज्यांत काटा अर्ध्यावर आला की पुढचा पंप टाळू नये. आपल्या गाडीला कोणते पेट्रोल लागते ते इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. ९१ ऑक्टेन (पेट्रोलची प्रत सांगणारा आकडा) लागणाऱ्या गाडीच्या मालकांनी हे लक्षात ठेवावे की पूर्वेकडे प्रीमियम म्हणून बहुधा ९३ मिळते, तर कोलोरॅडो आणि युटा यांसारख्या उंचावरील राज्यांत प्रीमियम ९१ चे आणि सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ चे असते. तिथे सवयीने पहिले बटण दाबू नये.

दुसरा आकडा डिकीचा. मियाटाच्या डिकीत सुमारे १३० लिटर सामान मावते, म्हणजे विमानात हाती नेतो तशा दोन बॅगा, आणि त्याही मऊ कापडाच्या असल्या तरच. चाकांच्या कडक बॅगा घरीच ठेवाव्यात. कॉर्व्हेटचे छत काढून ठेवायचे झाल्यास ते मागच्या डिकीतच ठेवावे लागते आणि सामानाची जागा तेवढी जाते, म्हणून घरून निघण्यापूर्वी छत आत ठेवून सामान भरण्याची एकदा रंगीत तालीम करावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहान स्टिकर असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर छापलेले असते. दोन आसनी गाड्यांत हा आकडा इतका कमी असतो की दोन प्रौढ माणसे आणि त्यांच्या बॅगा यांतच तो जवळपास संपतो.

टायरचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. अनेक स्पोर्ट्स कारना स्टेपनी नसते. तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप दिलेला असतो किंवा हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात. टायरच्या तळाला खिळा लागला तर ती बाटली उपयोगी पडते, पण टायरची बाजू कापली गेली तर तिचा काहीही उपयोग नसतो. मला हे पश्चिम कॅन्ससमध्ये एका शनिवारी दुपारी कळले. पुढच्या ट्रकच्या टायरची सोललेली जाड पट्टी लेनमध्ये पडली होती, ती टाळताना मागचे डावे चाक तिच्या कडेवरून गेले आणि दोन मिनिटांत गाडी त्या बाजूला बसू लागली. ओढून नेणारी गाडी तासाभरात आली. गावातल्या टायरच्या दुकानात छतापर्यंत टायर रचलेले होते, पण ते सारे पिकअपचे आणि ट्रॅक्टरचे. दुकानदाराने टायरवरचे अक्षर न् अक्षर वाचून पाहिले, २०५/४५ आर १७, आणि हा आकार मंगळवारी येईल असे शांतपणे सांगितले. तो मंगळवारी आला. म्हणूनच आखणीत दोन दिवस पूर्णपणे मोकळे ठेवावेत, टायरचा आकार फोनमध्ये लिहून ठेवावा, आणि मोठे शहर सोडून निर्जन भागात शिरण्याआधी टायरच्या बाजूंवर हात फिरवून चिरा किंवा फुगवटा आहे का ते पाहावे. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकार वेगळे असलेल्या गाड्यांच्या मालकांनी दोन्ही आकार नोंदवावेत.

उन्हाळी टायरची आणखी एक गोष्ट. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होते आणि पकड कमी होत जाते, आणि कोलोरॅडोच्या डोंगरात सप्टेंबरच्या पहाटेही तापमान शून्याजवळ येते. अशा सकाळी नऊपर्यंत न्याहारीच करत बसावे.

चौथा आकडा उंचीचा. मोटेलसमोर गाडी लावताना चाक अडवण्यासाठी सिमेंटचे आडवे ठोकळे असतात. साध्या गाडीचे नाक त्यांच्यावरून सहज पुढे जाते, आपल्या गाडीचा बंपर मात्र मागे घेताना त्यात अडकून उचकटतो. ठोकळ्याच्या दोन फूट आधी थांबण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. राष्ट्रीय उद्यानांतले कच्चे रस्ते, रस्तादुरुस्तीच्या जागी खरवडलेला पृष्ठभाग आणि पंपांचे तीव्र उतार यांतून गाडी तिरपी आणि सावकाश न्यावी.

महिना, दिशा आणि दिवस

होरेशियो नेल्सन जॅक्सन यांनी १९०३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्कपर्यंत मोटारीने जाऊन अमेरिका पहिल्यांदा पार केली तेव्हा त्यांना ६३ दिवस लागले होते. आज आय-८० या आंतरराज्य महामार्गाने तेवढेच अंतर सुमारे २,९०० मैलांचे आहे आणि घाईत असलेला माणूस ते पाच दिवसांत कापतो. स्पोर्ट्स कारने तसे करण्यात काही अर्थ नाही, कारण ही गाडी वळणांसाठी बनवलेली असते आणि आंतरराज्य महामार्ग वळणे टाळण्यासाठीच बांधलेले आहेत. माझ्या मते चौदा दिवस हा योग्य काळ आहे : रोज सरासरी ३०० मैलांचे बारा दिवस आणि वर सांगितलेले दोन मोकळे दिवस.

महिना सप्टेंबरचा निवडावा. मे-जूनमध्ये मधल्या सपाट राज्यांत गारपीट आणि टॉर्नेडो वादळांचे प्रमाण जास्त असते आणि उघड्या टपाच्या गाडीला गारांपासून काही संरक्षण नसते. जुलै-ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येकडे मान्सूनच्या सरींनी कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतात. ऑक्टोबर सरत आला की उंच घाट बर्फामुळे बंद व्हायला लागतात. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झालेल्या असल्यामुळे उद्यानांत गर्दीही कमी असते.

दिशेबाबत मतभेद आहेत, पण मी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याच्या बाजूचा आहे. या वाटेवर चार कालविभाग आहेत आणि पश्चिमेला जाताना तीन वेळा दिवसाला एक तास वाढून मिळतो. निसर्गही त्या दिशेने पायरीपायरीने उघडत जातो. एकच तोटा असा की दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि आसन खाली असल्यामुळे समोरच्या काचेवरची पट्टी फारशी उपयोगी पडत नाही. चार वाजता थांबण्याचा नियम ठेवल्यास हा त्रास टळतो, आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येणाऱ्या हरणांपासूनही बचाव होतो.

मार्ग : आधी वळणे, मग जोडरस्ते

नकाशावर प्रथम गाडी चालवण्याचा खरा आनंद देणारे रस्ते जाड रेषेने काढावेत आणि नंतर त्यांना आंतरराज्य महामार्गांनी जोडावे. या महामार्गांचे क्रमांक सम असतील तर ते पूर्व-पश्चिम आणि विषम असतील तर दक्षिणोत्तर जातात. बहुतेक राज्यांत एक्झिटचा क्रमांक म्हणजेच राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासूनचे मैल असतात, त्यामुळे पुढचा पंप किती दूर आहे ते वजाबाकी करून कळते.

ओशन सिटीहून निघून वॉशिंग्टन ओलांडल्यावर व्हर्जिनियातील फ्रंट रॉयल येथे स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. तो १०५ मैलांचा असून वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे. तो संपतो तिथेच ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे लागतो, त्याची मर्यादा ४५ मैल आणि त्यावर पेट्रोलपंप नाही. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनात या रस्त्याचे मोठे नुकसान केले, म्हणून कोणते भाग खुले आहेत ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर पाहूनच दिवस ठरवावा. पूर्ण पार्कवेचा हट्ट धरू नये. शंभर मैल मनसोक्त चालवून खाली उतरावे.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर यूएस-१२९ चा ११ मैलांचा एक तुकडा आहे, त्यात ३१८ वळणे आहेत आणि त्याला टेल ऑफ द ड्रॅगन म्हणतात. शनिवार-रविवारी तिथे मोटारसायकलींची रीघ असते, त्यामुळे मधल्या वारी आणि सकाळी लवकर जावे. ज्यांचा हात वरंधा किंवा आंबेनळी घाटात बसला आहे त्यांना ही वळणे परकी वाटणार नाहीत, पण दोन सवयी बदलाव्या लागतात. वळणावर हॉर्न वाजवण्याची इथे पद्धत नाही, आणि मागून कोणी वेगाने आले तर पुढच्या मोकळ्या कडेला गाडी घेऊन त्याला जाऊ देणे हाच शिष्टाचार आहे. मधली पिवळी रेषा कधीही ओलांडू नये. समोरचाही आंधळ्या वळणावरूनच येत असतो.

तिथून केंटकीतील बोलिंग ग्रीनला जावे. १९८१ पासून सर्व कॉर्व्हेट गाड्या याच गावात बनतात. तिथल्या कॉर्व्हेट संग्रहालयाच्या दालनातली जमीन १२ फेब्रुवारी २०१४ रोजी खचली आणि आठ गाड्या त्या विवरात गेल्या. त्यांतल्या काही चिरडलेल्या अवस्थेतच जपून ठेवल्या आहेत. कॉर्व्हेट नसलेल्यांनीही अर्धा दिवस द्यावा असे हे ठिकाण आहे.

सेंट लुइसपासून डेन्व्हरपर्यंत आय-७० पकडावा आणि दोन दिवसांत हा भाग संपवावा. डेन्व्हरनंतर पुन्हा डोंगर सुरू होतात. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, आणि लेडव्हिल ओलांडून ॲस्पेनकडे जाताना लागणारी इंडिपेंडन्स खिंड १२,०९५ फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे खिंडीच्या माथ्यावर गाडीचे एकतृतीयांशाहून अधिक बळ गेलेले असते. चढणीवर दुसऱ्या गाडीला मागे टाकताना हे ध्यानात ठेवून नेहमीपेक्षा दुप्पट मोकळा रस्ता दिसला तरच बाहेर पडावे. उतारावर मात्र ब्रेक दाबत बसू नये, गिअर खाली टाकावा.

युटात ग्रीन रिव्हर येथे टाकी गळ्यापर्यंत भरावी. आय-७० ने सरळ पुढे गेल्यास सलायना गावापर्यंतच्या सुमारे ११० मैलांत एकही पंप नाही. मी मात्र ग्रीन रिव्हरच्या पुढे दक्षिणेला वळून हँक्सव्हिल आणि टॉरी या गावांवरून राज्यमार्ग १२ धरण्याचा आग्रह करीन. १२३ मैलांचा हा रस्ता बोल्डर आणि एस्कलांटे या गावांच्या मध्ये एका अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि कडेला कठडा नाही. सकाळी दहाच्या सुमारास तिथे टप उघडा ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी तीस मैलांनी जाताना खालच्या फिकट गुलाबी खडकाचा तापलेला वास आणि सेजच्या झुडपांचा कडवट गंध आत येतो. सबंध प्रवासात मला पुन्हा जावेसे वाटणारी ती पहिली जागा आहे.

नेवाडात बेकर गावाशी यूएस-५० पुन्हा भेटतो. याच टापूला १९८६ मध्ये लाइफ मासिकाने अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले होते. इलीपासून युरेका ७७ मैल, तिथून ऑस्टिन ७० मैल आणि तिथून फॅलन सुमारे ११० मैल. या चारही गावांत पेट्रोल भरावे, टाकी पाऊण भरलेली असली तरी. मधल्या पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि दर माणशी चार लिटर पाणी आसनामागे ठेवावे. पुढे लेक टाहोवरून सॅक्रामेंटो आणि मग समुद्र. हा सर्व मार्ग साडेतीन हजार मैलांच्या थोडा वर जातो, गॅलनला ३० मैल धरल्यास सुमारे १२० गॅलन पेट्रोल लागते.

कागदपत्रे, विमा आणि भाड्याची गाडी

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा परवाना घेतलेला असावा. भारतातून फिरायला आलेल्या आणि आलटून पालटून गाडी चालवणार असलेल्या पाहुण्यांनी मूळ भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना आणावा. मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही. व्हिसावर असलेल्या प्रौढांनी आपला आय-९४ हा अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीचा कागद आणि ग्रीन कार्ड असलेल्यांनी ते कार्ड जवळ बाळगणे कायद्यानेच आवश्यक आहे.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर तीन प्रश्न लेखी विचारावेत : एका किनाऱ्यावर घेऊन दुसऱ्यावर सोडता येईल का आणि त्याचे वेगळे शुल्क किती, मैलांची मर्यादा आहे का, आणि दुसऱ्या चालकाचे नाव करारात आहे का. टप उघडणारी मस्टँग अशी मिळू शकते, त्याहून महागड्या गाड्यांना बहुधा मैलांची मर्यादा असते. क्रेडिट कार्डासोबत येणारा भाड्याच्या गाडीचा विमा महागड्या स्पोर्ट्स कारना अनेकदा लागू होत नाही, तेव्हा कार्डाच्या अटी वाचल्याशिवाय काउंटरवरचा विमा नाकारू नये. स्वतःची गाडी असेल तर एएए या मोटारचालकांच्या संघटनेचे शंभर मैलांपर्यंत गाडी ओढून नेणाऱ्या वरच्या श्रेणीचे सभासदत्व घ्यावे आणि मदत मागवताना सपाट पाठीचा ट्रक हवा हे पहिल्याच वाक्यात सांगावे. आकडा लावून ओढणाऱ्या गाडीने आपल्या गाडीचा पुढचा भाग तुटू शकतो.

निघण्यापूर्वीचे तीन आठवडे आणि रस्त्यावरचा दिवस

तेलबदल, ब्रेकचे पॅड, ब्रेकचे द्रव, कूलंट आणि चाकांचे अलाइनमेंट ही कामे तीन आठवडे आधी उरकावीत, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे कामात काही उणे राहिले असेल तर ते घराजवळच लक्षात येते. नवे टायर घातल्यास दोनशे मैल चालवून मग निघावे. हवेचा दाब रोज सकाळी गाडी थंड असताना पाहावा, कारण तापमान १० अंश फॅरनहाइटने बदलले की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो, आणि व्हर्जिनियाच्या दमट दुपारी भरलेली हवा कोलोरॅडोच्या पहाटे कमी भरते. इंजिन ऑइलची एक बाटली जवळ असू द्यावी.

भारतातले कार्ड वापरणाऱ्यांना पंपावर एक अडचण येते. यंत्र पत्त्याचा झिप कोड मागते आणि आपला पिन कोड त्याला चालत नाही. अशा वेळी आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि आगाऊ पैसे भरावेत. शाकाहारी मंडळींनी मधल्या राज्यांसाठी धपाटे, चटणी आणि मेतकूट बरोबर घ्यावे. आय-४० आणि आय-८० वर पंजाबी ट्रकचालकांमुळे निघालेले ढाबे आहेत, पण आपल्या मार्गावर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

वेगाबाबत मी कळकळीने सांगतो. लाल रंगाची बुटकी गाडी लांबून ओळखू येते. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० मैल अधिक वेगाने जाणे हा बेदरकार वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला अशी नोंद पुढे प्रत्येक अर्जात समजावून सांगत बसावी लागते. रडार ओळखणारे यंत्र लावणेही तिथे बेकायदा आहे. कॅन्ससमध्ये ७५ आणि युटाच्या आंतरराज्य महामार्गांवर काही ठिकाणी ८० मैलांपर्यंत कायद्यानेच परवानगी आहे, त्यापलीकडे जायची गरज पडत नाही. पोलिसाने थांबवल्यास उजव्या कडेला थांबावे, आतच बसून राहावे, हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि कागद काढण्यापूर्वी तसे सांगावे.

परतीची व्यवस्था

स्वतःची गाडी असल्यास ती परत कशी न्यायची हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. रजा संपली असेल तर गाडी ट्रकने पाठवून स्वतः विमानाने परतणे सोयीचे पडते. त्यासाठी वाहतूकदाराशी दोन-तीन आठवडे आधी बोलावे आणि गाडीची जमिनीपासूनची उंची त्याला कळवावी, म्हणजे तो चढवण्यासाठी लांब फळ्या आणतो. बंद ट्रक महाग असतो, उघडा पुरेसा आहे. ताबा देताना टाकी पावभरच ठेवावी, चारही बाजूंचे आणि चाकांचे फोटो त्या माणसासमोर काढावेत, आतले सामान रिकामे करावे, आणि पूर्वेकडच्या टोलसाठी काचेला लावलेला ई-झेडपास आठवणीने काढून खिशात घालावा. तो तसाच राहिला तर ट्रकवर चढलेली गाडी वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर आपल्या खात्यातून टोल भरत जाते.